‘हं’ म्हणजे हो की नाही?



या वेळच्या लेखाची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करावी लागत आहे. ज्या कुटुंबाच्या बाबतीत ती घडली, त्यांना विचारूनच आम्ही हे लिहीत आहोत. नावे मात्र लिहीत नाही.

दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणे आपल्या धर्मग्रामातील गावे अर्धी रिकामी झाली. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघून गेल्या. मागे राहिली म्हातारी माणसे, लहान मुले आणि गप्पा. त्यानंतरच्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चबाहेर लिंबाखाली चार माणसे उभी होती, त्यांत आम्हीही होतो. एकाने सांगितले की आपल्याच एका बांधवाने दोन मुकादमांकडून उचल घेतली, दोघांनाही बुडवले आणि बायकोला घेऊन पसार झाला. ऐकून आम्ही ‘हं’ म्हणालो. ‘हो’ म्हणालो नाही, ‘नाही’ही म्हणालो नाही. तुम्हाला कोणी सांगितले, हेही विचारले नाही.

जानेवारीत त्या बांधवाची म्हातारी आई नातीच्या वसतिगृहाच्या फीसाठी अर्ज घेऊन आली. मुलगी आठवीत आहे. धर्मग्रामाच्या मदतनिधीतून अशी थोडीफार मदत आपण दरवर्षी करतो. आम्ही अर्ज वाचला आणि इतर अर्जांच्या खाली ठेवला. पुढच्या बैठकीत पाहू, असे म्हातारीला सांगितले. पुढच्या बैठकीतही तो खालीच राहिला. मार्चमध्ये कळले की पैसे बुडवणारा माणूस वेगळाच होता. नाव-आडनाव तेच, पण तालुका दुसरा. आपला बांधव कर्नाटकात एका कारखान्याच्या फडात बायकोसह ऊस तोडून घेतलेली उचल फेडत होता. इकडे मुलगी वसतिगृह सोडून आजीकडे आली होती, दोन महिन्यांची शाळा बुडाली होती आणि नात्यातल्या कोणीतरी तिच्या लग्नाची भाषा सुरू केली होती.

मुलगी आता वसतिगृहात परतली आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. त्या अफवेवर आम्ही विश्वास ठेवला तो नेमका केव्हा? ‘हे खरे आहे’ असे आम्ही मनातल्या मनातही म्हटल्याचे आठवत नाही. तरी अर्ज खाली ठेवणारा हात आमचाच होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. तेव्हा तो कोरडा वाटला होता. वाक्य समजणे आणि ते खरे मानणे या दोन गोष्टी आहेत की एकच? आमचे प्राध्यापक फळ्यावर ‘पृथ्वी वाटोळी आहे’ असे लिहीत आणि विचारत, “हे तुम्हाला समजले. आता सांगा, हे तुम्ही मानले का? मानले असेल, तर समजण्याच्या वर आणखी काय केलेत?” आम्ही गप्प बसत असू.

संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात शिकवून गेले की बुद्धीची कामे दोन. पहिले काम म्हणजे वस्तू काय आहे ते ग्रहण करणे. दुसरे म्हणजे जोडणे आणि तोडणे: हे असे आहे, हे असे नाही. खरे-खोटे या दुसऱ्या कामात येते. नुसते ‘चोर’ म्हटले तर खरेही नाही, खोटेही नाही. ‘अमका चोर आहे’ म्हटले की आपण बांधले गेलो. सतराव्या शतकातील तत्त्वज्ञांनी हीच गाठ पुन्हा सोडायला घेतली, आणि त्यांच्यात मतभेद झाले.

रने देकार्त हा जेझुइटांचा विद्यार्थी. फ्रान्समधील ला फ्लेश येथील त्यांच्या शाळेत तो शिकला. १६४१ मध्ये त्याची ‘चिंतने’ प्रसिद्ध झाली. त्यांतील चौथ्या चिंतनात तो विचारतो की देव चांगला आहे आणि त्याने मला बुद्धी दिली आहे, तर मी चुकतो का? त्याचे उत्तर असे. बुद्धी फक्त कल्पना पुढे ठेवते. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे हे इच्छाशक्तीचे काम आहे. बुद्धीला मर्यादा आहेत, इच्छेला मात्र नाहीत. मला स्पष्ट दिसलेले नसतानाही माझी इच्छा पुढे धावते, ‘हो’ म्हणून टाकते आणि मी चुकतो. उपाय एकच, स्पष्ट दिसेपर्यंत थांबणे. म्हणजे चूक आणि पाप यांचे मूळ त्याने एकाच ठिकाणी, स्वातंत्र्याच्या दुरुपयोगात ठेवले. (देकार्तची पुस्तके १६६३ मध्ये ख्रिस्तसभेच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. ती यादीच १९६६ मध्ये बंद झाली, म्हणून आम्हाला ती सेमिनरीत निर्धास्तपणे वाचता आली.)

आम्हा धर्मगुरूंना देकार्तचे हे मत सोयीचे वाटते, कारण त्यावर पापनिवेदन उभे राहते. ‘हो’ म्हणणे माझ्या हातात होते, मी घाई केली, म्हणून मी अपराधी. आपल्या धर्मशिक्षणग्रंथात आठव्या आज्ञेखाली, परिच्छेद २४७७ मध्ये, उतावळ्या निवाड्याविषयी सांगितले आहे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष खरा मानणारा, मग तो मूकपणे का मानेना, त्या पापाचा धनी होतो. हे ‘मूकपणे’ वाचताना आम्हाला आमचा ‘हं’ ऐकू येतो.

आता एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात आपल्याच ख्रिस्तसभेतील माणसे सापडली होती. पॅरिसजवळ पोर्ट-रॉयल नावाचा भगिनींचा मठ होता. त्या वर्तुळातील धर्मगुरू आंत्वान आर्नो आणि त्याचा सहकारी पिएर निकोल यांनी १६६२ मध्ये तर्कशास्त्राचे एक पुस्तक काढले. पुढे दोनशे वर्षे ते युरोपभर वापरात राहिले. त्यात निर्णयाची व्याख्या अशी आहे की मन दोन कल्पना एकत्र घेते आणि एकीविषयी दुसरी मान्य करते किंवा नाकारते. पृथ्वीची कल्पना, वाटोळेपणाची कल्पना, आणि ‘आहे’ हा शब्द. तो ‘आहे’ म्हणजे मनाने मारलेला शिक्का. आपल्या मराठीत तर ‘नाही’सुद्धा क्रियापदासारखे चालते: मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. मानणे ही जशी कृती, तशी नाकारणे हीदेखील कृतीच, हे आपल्या भाषेत बोलता बोलता उमगते.

पण पोर्ट-रॉयलमध्ये ही बाब पुस्तकापुरती राहिली नाही. बिशप यान्सेन यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये त्यांचा संत ऑगस्टिनवरील ग्रंथ निघाला. १६५३ मध्ये पोप इनोसंट दहावे यांनी देवाच्या कृपेविषयीची पाच विधाने पाखंडी ठरवली. आर्नो म्हणाला, विधाने पाखंडी आहेत हे मान्य, पण ती यान्सेन यांच्या ग्रंथात त्या अर्थाने आहेत का, ही वेगळी बाब आहे. एक तत्त्वाचा प्रश्न, दुसरा वस्तुस्थितीचा. १६५६ मध्ये त्याला सोर्बोनमधून काढून टाकण्यात आले. मग धर्मगुरूंना आणि मठवासीयांना एका पत्रकावर सही करायला सांगितले गेले की ही विधाने त्या ग्रंथात आहेत आणि आम्ही त्यांचा निषेध करतो. पोर्ट-रॉयलच्या अनेक भगिनी अडल्या. तो जाडजूड लॅटिन ग्रंथ आम्ही वाचलेला नाही, तर त्यात काय आहे याची ग्वाही देवासमोर कशी द्यावी? १६६४ मध्ये पॅरिसच्या आर्चबिशपांनी त्यांचे संस्कार बंद केले आणि काही जणींना इतर मठांत पाठवून दिले.

त्या पाच विधानांच्या बाबतीत ख्रिस्तसभा बरोबर होती, असेच आम्ही मानतो. भगिनींमध्ये हट्टही असेल. तरी कबूल करावे लागते की सही म्हणजे ‘आहे’ म्हणणे, आणि आपण पाहिलेले नाही त्यावर ‘आहे’ म्हणता येत नाही, हे त्यांना कळले होते. एक अक्षर खोटे लिहिण्यापेक्षा त्यांनी ख्रिस्तप्रसादाविना राहणे पत्करले. आम्ही लिंबाखाली उभ्या उभ्या सही करून मोकळे झालो.

पण खरेच आम्ही सही केली का? इथे स्पिनोझा आडवा येतो. हा ॲमस्टरडॅमचा ज्यू, ज्याला त्याच्या समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केले. भिंगे घासून तो पोट भरी. त्याचा ‘नीतिशास्त्र’ हा ग्रंथ १६७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघाला. तो म्हणतो की बुद्धी एक आणि इच्छा दुसरी, हे खरे नाही. कल्पना म्हणजे भिंतीवरचे मुके चित्र नव्हे. कल्पना करण्यातच मान्य करणे आलेले असते. एखाद्या मुलाच्या मनात पंख असलेला घोडा आला आणि दुसरे काहीच आले नाही, तर तो घोडा त्याला समोर आहे असेच वाटेल. तो खरा नाही, हे सांगणारी दुसरी कल्पना मनात असेल तरच शंका येईल. म्हणजे ऐकले की मानले गेलेच. न मानण्यासाठी वेगळे काहीतरी लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये देकार्त आणि स्पिनोझा यांच्यातला हा वाद प्रयोगाने तपासला. लोकांना गुन्ह्यांच्या हकिकती वाचायला दिल्या. त्यांतील काही वाक्ये खोटी आहेत, हे रंग बदलून आधीच सांगितलेले होते. काहींचे लक्ष त्याच वेळी दुसऱ्या कामात गुंतवले. ज्यांचे लक्ष विभागले गेले, त्यांच्या मनात ती खोटी वाक्येसुद्धा रुजली आणि त्यांनी सुचवलेल्या शिक्षांवर त्यांचा परिणाम झाला. पुढच्या संशोधकांनी या निष्कर्षावर शंकाही घेतल्या आहेत. पण रविवारी मिस्सेनंतर आमचे लक्ष कुठे कुठे विभागलेले असते ते आम्हाला ठाऊक आहे. एक हात कोणाच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात दानपेटीची किल्ली आणि कानात कोणाची तरी गोष्ट.

इंग्लंडचा जॉन लॉक या दोघांहून व्यवहारी. त्याचा मानवी आकलनावरील ग्रंथ १६९० सालचा. तो म्हणतो, दोन कल्पनांचा मेळ आपल्याला प्रत्यक्ष दिसतो तेव्हा ते ज्ञान. तो न दिसता आपण धरून चालतो तेव्हा तो निर्णय. आयुष्यातला बहुतेक कारभार आपण निर्णयावरच चालवतो आणि त्याला इलाज नाही. म्हणून साक्षीदार किती, प्रामाणिक किती, त्यांचा हेतू काय, हे पाहून कमी-जास्त मान्यता द्यावी. एक दाखलाही तो देतो. मूळ दस्तऐवजाची साक्षांकित नक्कल पुरावा म्हणून चालते, पण नकलेची नक्कल इंग्लंडच्या कोर्टात चालत नाही. साक्ष मुळापासून जितकी दूर जाते, तितकी तिची ताकद कमी होते. माणसे मात्र उलट करतात. गोष्ट जितक्या जास्त तोंडांतून येते तितकी ती पक्की समजतात. आपल्याकडेही १८७२ च्या पुरावा कायद्याने तोंडी साक्ष स्वतः पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याचीच असावी असे ठरवले होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, पण हा नियम राहिला आहे. लिंबाखालच्या कोर्टात तो कधी आलाच नाही.

लॉकने आणखी एक बारीक गोष्ट सांगितली आहे. सारखेपणा जुळवणे ही चतुराई, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक ओळखून त्या वेगळ्या ठेवणे हा विवेक. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरेने ११८८ चा मानल्या जाणाऱ्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच विवेक आहे, ‘विवेकसिंधु’. विवेक म्हणजे मुळात वेगळे करणे. आणि मराठीतला निवाडा हा शब्द निवडणे या शब्दाच्या कुळातला. आपल्या माता-भगिनी ज्वारी सुपात घेऊन खडा वेगळा काढतात, तेव्हा त्या निवाडाच करत असतात. खडा दाण्याच्याच रंगाचा असतो, म्हणून डोळा लागतो. एकाच नावाची दोन माणसे आम्हाला निवडता आली नाहीत.

न्यायशास्त्रातही ऐकीव ज्ञानाला स्थान आहे, पण ते आप्ताच्या वाक्याला. आप्त म्हणजे जे जसे आहे तसे सांगणारा, विश्वासू माणूस. मराठीत आल्यावर त्याच शब्दाचा अर्थ नातलग झाला! आपण आपल्या माणसाचे ऐकतो, त्याने पाहिले की नाही हे विचारणे परकेपणाचे वाटते. आता तर मोबाईलवर आलेले सारे काही कोणा ना कोणा आप्ताकडूनच येते.

हे कुठवर जाते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आले होते. अफवा मोबाईलवर आधीपासून फिरत होती. त्या जमावातील किती जणांनी ‘हे खरे आहे’ असे ठरवले असेल? बहुतेकांनी आधी नुसते ‘हं’च म्हटले असावे. आणि हेही लक्षात घ्यावे की आपल्या टोळ्या दरवर्षी सहा-सहा महिने परक्या मुलखात पाल टाकून राहतात. तिथल्या लोकांच्या दृष्टीने कोठून तरी आलेले, न ओळखीचे लोक आपणच असतो.

डेव्हिड ह्यूमचे मत थोडक्यात सांगतो. १७३९ मध्ये त्याने लिहिले की विश्वास म्हणजे फक्त अधिक ठसठशीत, जिवंत झालेली कल्पना. त्यात इच्छेने ठरवण्याचा भाग नाहीच. गंमत अशी की तो ग्रंथ त्याने बराचसा ला फ्लेशला राहून लिहिला, देकार्तच्याच जुन्या शाळेशेजारी. ह्यूमशी आमचे फारसे जमत नाही. विश्वास हा केवळ ठसा असता, तर रविवारी विश्वासांगीकार म्हणताना आपण उभे राहतो ते कशासाठी?

मग आम्ही कोणाचे मानावे? बराच विचार करून आम्हाला असे वाटते की मन कसे चालते ते स्पिनोझाने जास्त खरे सांगितले. लिंबाखाली आम्ही काही ठरवले नव्हते. गोष्ट कानात शिरली आणि बसली. पण म्हणून आम्ही सुटत नाही. ती बसली, कारण तिला हटकणारे दुसरे काही आमच्या मनात नव्हते. त्या बांधवाविषयी आम्हाला काय माहीत होते? शेवटच्या रांगेत बसतो, नाताळला येतो, दिवाळीनंतर जातो. त्याच्या घरी आम्ही एकदा आशीर्वादाला गेलो होतो, चहा घेऊन निघालो होतो. आपल्या डॉक्टरांविषयी, सरपंचांविषयी, देणगीदारांविषयी तीच गोष्ट कोणी सांगितली असती, तर मनाने लगेच दहा हरकती घेतल्या असत्या, कारण ती माणसे आम्ही ओळखतो. गरिबाविषयीची अफवा इतक्या सहज आत येते, कारण तिथे दाराशी कोणी उभे नसते. देकार्त म्हणतो तो अपराध आम्हाला मान्य आहे. फक्त तो त्या रविवारचा नाही, त्याच्या आधीच्या कित्येक वर्षांचा आहे.

संत इग्नेशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’च्या आरंभीच सांगून ठेवले आहे की दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ घ्यायला आधी तयार असावे, तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे. त्यालाच विचारावे, एवढे साधे. त्या बांधवाचा मोबाईल नंबर त्याच्या आईने अर्जावर लिहिलेला होता.

झावळ्यांच्या रविवारी तो बांधव आला. टोळी आदल्या दिवशीच परतली होती, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. मिस्सेनंतर इतर लोक जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला, “फादर, तुम्हाला बी खरं वाटलं व्हतं का?” सेमिनरीतली विद्या वापरून ‘आम्ही तसे कधी म्हटले नाही’ असे सांगता आले असते, आणि ते शब्दशः खरेही ठरले असते. आम्ही ‘हो’ म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. क्षमा मागितली तेव्हा ‘असू द्या’ म्हणाला, आणि पोरीच्या पुढच्या वर्षाच्या अर्जाविषयी विचारू लागला.

निघताना आम्ही त्याला धीर द्यावा म्हणून म्हटले की आता सगळ्यांना कळले आहे, बुडवणारा तो दुसरा होता. तो चप्पल घालता घालता थांबला.

“त्या दुसऱ्यानं तरी खरंच बुडवलं का, फादर? कुणी पाह्यलंय?”

आम्ही ‘हं’ म्हणणार होतो.